पहिला फोन तुझा असू दे

धुऱ्यावर तार सापडली म्हणून रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही ना? तोंडावरूनच कळतंय. बस आधी. चहा घे, मग बोलू. नवरा बुटीबोरीला कंपनीत, सासरे गेल्यापासून अडीच एकर धानाचं सगळं तुझ्या डोक्यावर, आणि कोक्याचं जंगल हाकेच्या अंतरावर. रात्री बांधीत बॅटरीचे उजेड फिरतात, सकाळी चिखलात अनोळखी बुटांचे ठसे दिसतात. भीती वाटणारच गं. पण खरं सांगू का, यातली निम्मी भीती कायदा माहीत नसल्याची असते. ती अर्ध्या तासात जाईल. उरलेली निम्मी मात्र कामाची आहे, ती जवळ ठेव.

आणि मी काही वकील नाही बरं. मी आहे ठेच लागून शहाणी झालेली बाई. माझी पहिली ठेच ऐक म्हणजे तुला हसू येईल. लग्न होऊन आले तेव्हा माझ्या दिराने पळसाच्या ढोलीतून पोपटाचं पिल्लू काढून आणलं. मी त्याला पिंजऱ्यात ठेवलं, मिरची खाऊ घातली, ‘विठ्ठल विठ्ठल’ शिकवलं. दोन वर्षं पोरासारखं सांभाळलं आणि आल्यागेल्याला कौतुकाने दाखवलं. एकदा तर मुलाच्या वाढदिवसाला आलेल्या वनरक्षकालाच दाखवायला गेले! तो बिचारा भला माणूस. बाजूला घेऊन म्हणाला, ‘वहिनी, हा गुन्हा आहे.’ मला वाटलं थट्टा करतोय. नव्हती थट्टा. आपल्या रानातला पोपट पिंजऱ्यात ठेवणं हा वन्यजीव कायद्याचा भंगच आहे. घरात देवाचं नाव घेणारा गुन्हा पाळला होता मी, बघ.

तर पहिली गोष्ट ही, की शिकार म्हणजे बंदूक घेऊन वाघ मारणं एवढंच नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात शिकारीची व्याख्या फार लांबरुंद आहे. मारणं, विष घालणं, फास लावणं, सापळा मांडणं, हाका करून हुसकावणं, आमिष ठेवणं, आणि यातलं काहीही करायचा नुसता प्रयत्नसुद्धा शिकारीतच मोडतो. पक्ष्यांची अंडी फोडली, घरटं विस्कटलं तरी तेच. तुमसरकडे धानाच्या बांधीत सारस घरटं करतो ना? आपल्या भंडारा जिल्ह्यात सारस उरलेत हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. कापणीच्या घाईत कुणी त्याचं घरटं उधळलं, तर ‘आमच्याच शेतात होतं’ हे उत्तर चालत नाही. सातबारा जमिनीचा असतो, तिच्यावर उतरलेल्या जिवाचा नसतो.

शिक्षाही आता वाढल्यात. २०२२ मध्ये कायदा बदलला आणि १ एप्रिल २०२३ पासून तो लागू झाला. साधारण गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पण वाघ, बिबट, अस्वल, सांबर, मोर, घोरपड, खवल्या मांजर अशा पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याची शिकार केली, किंवा अभयारण्याच्या हद्दीत कुठलीही शिकार केली, तर कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सात वर्षं, वर किमान पंचवीस हजार दंड. घोरपडही त्यात आहे, हे लक्षात ठेव. ‘कंबरदुखीवर चांगली’ म्हणून कुणी तेल आणून दिलं तर हात लावू नको. आणि शेजारून झाकलेला डबा आला, वर ‘बकऱ्याचंच आहे वहिनी’ असं जरा जास्तच वेळा सांगितलं गेलं, तर तो आल्या वाटेने परत जाऊ दे. मी एकदा भीडेपोटी ठेवून घेतला होता. फोडणीचा वासच वेगळा आला आणि रात्रभर पोटापेक्षा मनच जास्त ढवळलं. रानातलं मांस तुझ्या ताब्यात सापडलं, तर ते बेकायदा नव्हतं हे सिद्ध करायचं ओझं तुझ्यावर येतं. खून-चोरीच्या खटल्यात सरकारला गुन्हा सिद्ध करावा लागतो. इथे गाडी उलटी चालते, म्हणून सांगते.

आता तुझ्या तारेकडे येऊ. बांबूच्या वीतभर खुंट्या, त्यांना गुडघ्याच्या खाली ताणलेली बारीक तार, आणि एक टोक गवतातून विजेच्या खांबाकडे गेलेलं, असंच होतं ना? धान लोंबीवर आलं की डुकरांचे कळप उतरतात आणि माणसाची मती फिरते. पण त्या तारेला डुक्कर आणि वाघ यातला फरक कळत नाही, आणि जागलीवरून घरी येणारा माणूसही कळत नाही.

जय आठवतो का तुला? नागझिऱ्यात जन्मलेला तो दांडगा वाघ २०१३ मध्ये शंभरावर किलोमीटर चालत उमरेड-कऱ्हांडल्याला गेला. पवनीकडच्या जंगलातही त्याचा वावर होता. एप्रिल २०१६ मध्ये तो नाहीसा झाला, तो आजपर्यंत सापडला नाही. त्याचा पोरगा श्रीनिवास. त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती. एप्रिल २०१७ मध्ये नागभीडकडच्या शेतात, डुकरांसाठी सोडलेल्या विजेच्या तारेने तो मेला. तपासात पुढे आलं की वाघ शेतातच पुरून टाकला होता आणि कॉलर त्याच्या गळ्यापासून वेगळी केली होती.

मी त्या गोष्टीचा फार विचार केला गं. वाघ मारायचा म्हणून कुणी तार लावली नव्हती. तार लावली डुकरासाठी, मेला वाघ, आणि मग घाबरून खड्डा खणला. पहिला गुन्हा अविचाराचा, दुसरा भीतीचा. आणि दुसऱ्याने पहिला दुप्पट केला. कायद्यात हे अगदी साफ आहे. मारलेला किंवा मेलेला वन्यप्राणी सरकारची मालमत्ता. तो कुठल्याही कारणाने तुझ्या ताब्यात आला, तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वनाधिकाऱ्याला कळवायचं. मी तर म्हणते ४८ तास कशाला, ४८ मिनिटं पण थांबू नको. जो आधी कळवतो तो साक्षीदार असतो. लपवणारा आरोपी होतो. माझं सगळं हितगुज एवढंच आहे, बाकीचं नुसतं मीठ-मसाला.

म्हणून तारेचं काय करायचं ते नीट ऐक. हात लावायचा नाही. ओढून काढायची नाही, तोडायची नाही. दिवसा वीज नसेल असं धरून चालू नको. मी हे शहाणपण नंतर शिकले. आमच्या बोडीच्या काठाला असाच फास सापडला होता, तर मी तणतणत गेले, उपटला, गुंडाळला आणि घरी आणून खुंटीला टांगला. वाटलं केवढं शौर्य! वनरक्षक आला तेव्हा जागेवर पुरावा काहीच नव्हता आणि फास माझ्याच घरात. वर मला विचारतो, ‘हा तुमच्याकडे कसा आला?’ काय सांगू तेव्हा माझं तोंड कसं झालं असेल!

तू तसं करू नको. लांबूनच फोटो काढ. खुंट्या दिसतील असा एक आणि तारेचं टोक कुठे जातं तो दुसरा. आजूबाजूचं झाड, धुरा, पायवाट काहीतरी ओळखीचं त्यात येऊ दे. तारीख, वेळ वहीत लिही. मग वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन कर. विजेचा आकडा टाकलेला असेल तर महावितरणच्या १९१२ वर पण सांग. चोरून वीज घेणं हा २००३ च्या वीज कायद्याखाली वेगळाच गुन्हा आहे, त्यालाही तीन वर्षांपर्यंत कैद. आणि त्या तारेने माणूस मेला तर लावणाऱ्यावर सदोष मनुष्यवधापर्यंत कलम लागतं. हे गावात मोठ्याने सांग. कायद्यापेक्षा या वाक्याने जास्त तारा निघतात.

मला माहीत आहे तू काय म्हणणार. ‘ताई, तार लावणारा कुणी परका नाही, चुलत दीर आहे.’ हेच तर अवघड असतं. परक्यावर बोट दाखवायला काय जातं! तर आधी एकटी जाऊन भांडू नको. बचत गटातल्या चार जणी घे, पोलीस पाटलाला घे, आणि त्याच्या बायकोसमोर त्याला समजाव. त्याचं डुकराचं दुखणं खरं आहे, ते मान्य कर. मग सांग की कुंपण हवं तर झटका मशीन लाव. त्याचा झटका क्षणभराचा असतो, जनावर दचकून पळतं, मरत नाही. सौर कुंपणासाठी सरकारी योजनेतून मदतही मिळते, वनपरिक्षेत्र कार्यालयात चौकशी करायची. पण मशीन बाजूला ठेवून थेट घरातली लाईन तारेत सोडली, तर ते कुंपण राहत नाही, फास होतो. एवढं सांगूनही रात्री पुन्हा तार दिसली, तर मग नातं बाजूला ठेवायचं आणि पुन्हा फोन करायचा. त्याच्या पोराचा पाय त्या तारेवर पडण्यापेक्षा त्याचा राग परवडला.

आता त्या बॅटरीवाल्यांचं. दिवाळीनंतर नाटकं सुरू झाली की अख्खं गाव रात्रभर मंडपात आणि शेतं उघडी. मी पाहिलंय, हौशी शिकाऱ्यांना हेच दिवस आवडतात. तुझ्या शेतात कुणी आगळीक करायला, तुला धमकवायला किंवा त्रास द्यायला शिरलं, तर तो फौजदारी अतिक्रमणाचा गुन्हा. १ जुलै २०२४ पासून नवी भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात ते कलम ३२९ आहे. तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. घरात शिरला तर वर्षभरापर्यंत. नुसतं वाटेने जाणारा, गाय शोधायला आलेला माणूस यात येत नाही. त्याचा इरादा काय होता, यावर सगळं ठरतं. म्हणून गाय शोधणाऱ्या म्हाताऱ्यावर काठी उगारू नको हं, मी उगारली आहे. अजून तो मला बाजारात टाळतो.

शिकार करायला शिरले असतील, तर मात्र दोन्ही कायदे एकदम लागतात. तरी तू काय करायचं? दाराला आतून कडी, ११२ ला फोन, आणि गाडीचा नंबर दिसला तर तेवढा लिहून ठेवायचा. बस्स. पाठलाग नको, अडवणूक नको. त्यांच्याकडे भरमार बंदूक असेल, गावठी बॉम्ब असतील. कायदा तुला स्वतःच्या आणि मालमत्तेच्या बचावाचा हक्क देतो हे खरं, पण तो गरजेपुरता. समोरच्याला पिटाळून लावण्याइतका. पोलिसांना बोलावण्याइतका वेळ हातात असताना माणसाला झोडपून काढायचा हक्क कुणालाच नाही. चोर पळून गेल्यावर मारलेली काठी बचावाची राहत नाही, सुडाची होते.

जनावराचंही असंच. अस्वल अंगावर आलं, बिबट्याने झडप घातली आणि जीव वाचवताना ते जखमी झालं किंवा मेलं, तर कायदा तुला गुन्हेगार ठरवत नाही. अट एकच, त्या वेळी तू स्वतः या कायद्याविरुद्ध काही करत नसावीस. पण पीक वाचवणं म्हणजे जीव वाचवणं नव्हे. उभं पीक उद्ध्वस्त करणाऱ्या डुकराच्या किंवा रोहीच्या शिकारीला परवानगी मिळू शकते, पण ती अधिकाऱ्याच्या लेखी आदेशानेच. ‘साहेब तोंडी हो म्हणाले होते’ यावर कोर्टात कुणी विश्वास ठेवत नाही, आणि साहेबांनाही ते आठवत नाही.

आणखी एक गोष्ट, जरा कानात सांगते. घुसखोर नेहमी दुसराच असतो असं नाही. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला आपण पहाटे निघतो तेव्हा हद्द कुठे संपली बघतो का? कोका २०१३ पासून अभयारण्य आहे. तिथे पूर्वीसारखं मनात आलं की शिरता येत नाही. आतून जाणाऱ्या सार्वजनिक रस्त्याने जायला, किंवा हद्दीच्या आत आपली जमीन असेल तर तिच्यावर जायला हरकत नाही. बाकी परवान्याशिवाय नाही. शस्त्र घेऊन तर अजिबात नाही, आणि आगही लावायची नाही. मोहाखालचा पाला पेटवायची आपली जुनी सवय आहे ना, फुलं पटकन दिसतात म्हणून? ती सोड. खराटा घे. कंबर दुखेल, पण जंगल जळणार नाही आणि वनगुन्हाही नोंदवला जाणार नाही. पिढ्यानपिढ्या मोह-तेंदू गोळा करणाऱ्यांना २००६ च्या वनहक्क कायद्याने हक्क दिलेत, पण ते दावे ग्रामसभेतून करायचे असतात. ग्रामसभेला बायका जात नाहीत, चहा करायला थांबतात. या खेपेला चहा दिरांना करू दे.

समजा तुझ्या बांधीत काही सापडलं आणि फॉरेस्टवाले घरी आले. हातपाय गाळू नको. झडती घेऊ दे, अडवू नको. पण पंच कोण, ते बघ. जप्त केलेल्या वस्तूंच्या यादीची प्रत माग. बाईच्या अंगाची झडती बाईनेच घ्यायची असते. पंचनामा वाचल्याशिवाय सही नाही, आणि कोऱ्या कागदावर तर मुळीच नाही. वाचता येत नाही म्हणणाऱ्या सासूच्या अंगठ्याआधी तू मोठ्याने वाचून दाखव. पोलिसांना साक्षीदार म्हणून जबाब हवा असेल, तर बाईला ठाण्यात यायची सक्ती करता येत नाही, त्यांनी घरी यायचं. अपवाद सोडला तर सूर्यास्त ते सूर्योदय बाईला अटकही करता येत नाही. आणि वकिलाच्या पैशाची चिंता करतेस ना? बाईला मोफत वकील मिळतो, मिळकत कितीही असो. भंडाऱ्याला जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे. १५१०० वर फोन केला तरी रस्ता दाखवतात.

शेवटचं दुखणं नुकसानीचं. डुकरांनी धान तुडवलं तर तीन दिवसांच्या आत अर्ज दे, आणि पंचनामा होईपर्यंत ती बांधी जशीच्या तशी राहू दे. घाई करून सगळं कापून टाकू नको, फोटो आधी. माझा पहिला अर्ज मी एका कार्यालयात टेबलावर ठेवून आले, वर नमस्कार करून. महिन्याने विचारायला गेले तर म्हणे, कुठला अर्ज? दोन प्रती न्यायच्या असतात गं! एक त्यांना, दुसरीवर तारखेसह पोच. ती पोच आता मी देव्हाऱ्यात ठेवते, हळदीकुंकवाच्या करंड्याखाली. भरपाई मिळाल्यावर माणूस तारेकडे वळत नाही, हे मी माझ्या घरात पाहिलंय. म्हणून अर्ज करायचा कंटाळा म्हणजे शेजारच्या वाघाशीच वैर, असं मी म्हणते.

नागझिऱ्यात २०२३ मध्ये ब्रह्मपुरीकडच्या दोन वाघिणी आणून सोडल्यात. त्या काही आपल्या धुऱ्याची हद्द विचारून चालणार नाहीत. त्यांची पिल्लं उद्या कोक्यातून, परवा तुझ्या बांधीतून जातील. आपण इथून कुठे जाणार नाही, त्याही जाणार नाहीत. तेव्हा शेजारधर्म नीट शिकून घेतलेला बरा.

आता रडवेलं तोंड पूस आणि घरी जाऊन एक काम कर. चुलीमागच्या भिंतीवर कोळशाने मोठ्या आकड्यांत लिही: वनविभाग १९२६, पोलीस ११२, वीज १९१२, मोफत वकील १५१००. सासूला पाठ करायला लाव, पोरांनाही. आणि आज रात्री उजेड दिसला, तर बाहेर पडू नको, कुणाला विचारत बसू नको. गावात पहिला फोन तुझा असू दे.